शेवंतीचं म्हणणं

अण्णा ताम्हाण्यांच्या एकसष्टीची पूजा शुक्रवारीच उरकली होती. पण खरं जेवण रविवारचं, असं अण्णा स्वतःच सगळ्यांना सांगत होते, कारण त्या दिवशी ताटात मासे असणार होते.

त्यांच्या पत्नी वासंतीबाई सकाळपासून तीनदा गॅलरीत येऊन गेल्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा नामाचा टेंपो रामनगरच्या कोपऱ्यावरून वळताना दिसला. एरवी हा टेंपो भाऊच्या धक्क्यावरून ठाण्याच्या बाजारात मासळी आणायचा. आज नामाने तो साबणाने धुऊन काढला होता आणि मागे सतरंजी अंथरली होती. पुढे नामा आणि त्याचे वडील दामाजी. मागे मंजुळाबाई, त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे अण्णांचा जावई विश्राम आणि नामाची बायको शेवंती. शेवंतीच्या दोन्ही पोरांना वाटेत दिव्याला आजोळी उतरवलं होतं. मंजुळाबाईंच्या मांडीशी बर्फाची पाटी होती आणि पाटीतून हातभर शेपूट बाहेर आलेलं दिसत होतं.

"जिताडा," शेजारी येऊन उभे राहिलेले अण्णा म्हणाले. शुक्रवारच्या पूजेत त्यांच्या आवाजात एवढी भक्ती नव्हती.

तीन जिने चढताना मंजुळाबाईंनी पाटी कुणाच्या हाती दिली नाही. दारात आल्यावर मात्र ती सरळ वासंतीबाईंच्या हातात ठेवली आणि पदराने कपाळ पुसलं.

"काल सांजच्याला खाडीतनं काढलाय, विहीनबाय. अण्णांसाठी राखून ठेवलेला. कोयता मी माझा आनलाय, तुमच्या विळीला नाय झेपायचा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरगी कुठाय?"

"आतल्या खोलीत. पडलीय."

"जेवते का?"

"चहा घेते."

मंजुळाबाईंनी मान हलवली आणि त्या मोरीकडे वळल्या. सरोज गुरुवारपासून माहेरी येऊन राहिली होती आणि का आली होती ते दोन्ही घरांना ठाऊक होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. गेल्या वर्षी दादरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून स्पष्ट सांगितलं होतं की सरोजचं गर्भाशय चांगलं आहे, विश्राममध्येही दोष नाही, पण सरोजच्या शरीरात बीजच तयार होत नाही. तेहेतिसाव्या वर्षी कधीकधी असं होतं. दुसऱ्या एखाद्या बाईने आपलं बीज दिलं, तर ते विश्रामच्या बीजाशी काचेत जुळवून सरोजच्या पोटात ठेवता येईल. बाई तिशीच्या आतली, धडधाकट, एखाददुसरं मूल झालेली असली तर उत्तम. सरोजला सख्खं भावंड नव्हतं. कल्याणची मावसबहीण तयार झाली होती, तपासण्याही झाल्या होत्या, आणि गुरुवारी तिचा फोन आला होता की सासूबाई नको म्हणतात.

वासंतीबाईंनी वाल सोलून बिरडं शिजत ठेवलं होतं. त्या ढवळत होत्या, मंजुळाबाई मोरीशी बसून जिताड्याचे तुकडे पाडत होत्या, आणि शेवंती न विचारता नारळ खवायला बसली होती. शेवंती एरवी बडबडी. आज तिच्या तोंडून शब्द नव्हता. सरोज बाहेर आली, सासूच्या पाया पडली, 'आये, कशी आहेस' म्हणाली, आणि शेवंतीकडे बघून नुसती मान हलवून भांडी काढायला लागली. वासंतीबाईंना ते खटकलं, पण नवीन नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी शेवंतीच्या धाकट्याच्या बारशाला सरोज पाळण्याकडे गेली, तेव्हा शेवंतीच्या एका मावशीने तिला हाताला धरून बाजूला घेतलं होतं. 'तू नको, बाय,' एवढंच मावशी म्हणाली होती. शेवंती बघत होती आणि काही बोलली नव्हती. महिन्याभरात चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या सासरच्या घरात दोन चुली झाल्या. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी पाण्याच्या वेळेपुरतं आणि लाइटच्या बिलापुरतं बोलायच्या.

*

जेवण दोन तास चाललं. अण्णांनी डोक्याचा तुकडा दामाजींना वाढायला लावला, दामाजींनी तो परत अण्णांच्या ताटात टाकला, असं तीनदा झालं. शेवटी मंजुळाबाईंनी तो उचलून स्वतःच्या ताटात घेतला आणि प्रश्न मिटवला. बिरडं कोळ्यांच्या मंडळींना गोड लागतं हे वासंतीबाईंना नऊ वर्षांत कळलं होतं. त्यांनी त्यात मुद्दाम दोन मिरच्या जास्त घातल्या होत्या. नामाने तीनदा घेतलं.

पानं उचलल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत येऊन बसले. अण्णांनी पानाचा डबा पुढे केला आणि चष्मा पुसला. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि महत्त्वाचं बोलायच्या आधी चष्मा पुसायची त्यांची सवय गेली नव्हती.

"सगळे आहोत तोवर बोलून घेऊ," ते म्हणाले. "कल्याणचं काही जमत नाही. माझं म्हणणं असं की आता मूल दत्तक घ्यावं. मी चौकशी केलीय. सरोज आणि विश्रामला पसंत असेल तर अर्ज करू."

"माझी हरकत नाही," विश्राम म्हणाला. तो वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या कारखान्यात फोरमन होता; कमी बोलायचा. "सरोजने ठरवावं."

"मला पोटात वाढवायचं होतं," सरोज म्हणाली. "पण ठीक आहे. अर्ज करू."

ती ज्या तऱ्हेने 'ठीक आहे' म्हणाली ते ऐकून दामाजी चुन्याच्या डबीकडे बघत राहिले.

"माझं चालंल का?"

शेवंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले होते, ते ती पदराला पुसत होती.

"काय चालंल?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"बी. वयनीसाठी. मना सत्तावीस वर्सं हायत, दोन पोरं हायत, बीपी-शुगर काय नाय. मी डॉक्टरीनबायना विचारलाय."

"कधी विचारलंस?" विश्रामने विचारलं.

"शुक्रवारी. तुमच्या टीव्हीवर दवाखान्याचा कागद पडलेला, त्यावर नंबर होता. पीसीओवरनं फोन केला. त्या बोलल्या, दहा-बारा दिवस रोज एक इंजेक्शन, मग एक दिवस भूल देऊन बी काढून घेतात. सांजच्याला घरी. कधीकधी पोट फुगतं, तरास होतो, ते पन सांगितलंनी. नवऱ्याची सही लागते."

नवऱ्याने मान वर केली. नामाचा चेहरा लालेलाल झाला होता. तो उठला, कोपऱ्यातल्या चपला न घालताच दाराबाहेर गेला, मग परत येऊन चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

"मी बघतो त्याला," विश्राम म्हणाला आणि मागोमाग गेला.

अण्णांनी पुन्हा चष्मा काढला होता. आतापर्यंत या सगळ्या प्रकरणात त्यांच्याइतका उत्साह कुणाला नव्हता. दवाखान्याची पहिली माहितीपत्रिका त्यांनीच आणली होती. बीज, गर्भ, काचेतलं फलन हे सगळं त्यांनी फळ्यावर काढल्यासारखं दोन्ही घरांना समजावून दिलं होतं. मंजुळाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आता अण्णा पुढचं बोलतील म्हणून.

"नाही," अण्णा म्हणाले. "हे नको."

"का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"नको म्हणजे नको," असं म्हणून ते गॅलरीत निघून गेले.

मंजुळाबाईंनी दामाजींकडे बघितलं. घरात कुठलीही नवी गोष्ट निघाली की पहिला नन्नाचा पाढा दामाजींचा असायचा; फ्रीजला त्यांनी दोन वर्षं नाही म्हटलं होतं.

"मना काय बघतेस?" दामाजी म्हणाले. "मी कुठं नाय बोललो?"

आणि काठी घेऊन तेही खाली गेले.

*

नामा टेंपोत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. विश्राम पलीकडच्या बाजूने चढून शेजारी बसला.

"मला माहीत नव्हतं," विश्राम म्हणाला. "आईशपथ. मी तिच्याशी या विषयावर एक शब्द बोललेलो नाही."

"माहितीय रे. तू तिच्याशी धड बोलतोस कुठे? थोरला दीर म्हणून ती तुझ्यासमोर अजून डोक्यावर पदर घेते." नामाने हॉर्नवर बोट फिरवलं, वाजवला नाही. "तेच तर. तुझ्यासमोर पदर घेणारी बाई, आणि तुझं आणि तिचं... दादा, मला बोलता पण येत नाय. बाजारात लोक काय बोलतील? नाम्याच्या बायकोचं पोर दादाकडे."

"नको असेल तर नको. मी सरोजला सांगतो. तुझ्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही."

"तसं बोललो का मी?"

"मग कसं बोललास?"

"मला आधी विचारलं का नाय तिनं? पीसीओवर गेली, डॉक्टरशी बोलली. सगळ्यांसमोर बोलली. मी तिथेच बसलेलो, पानाला चुना लावत. मला सगळ्यात शेवटी कळतंय."

काठीचा आवाज आला. दामाजींनी दार उघडलं आणि विश्रामला सरकायची खूण केली. तिघे पुरुष टेंपोच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले.

"नाम्या," दामाजी म्हणाले, "तू पंधरा दिसांचा होतास तवा तुझ्या आयेला टायफॉईड झायला. सिव्हिलला दाखल केली. तुना दूध कोनी पाजला, माहितीय?"

"शेजारच्या सखुबाईनं. शंभरदा सांगितलंय तुम्ही."

"दोन महिनं पाजला. तिच्या लेकीच्या तोंडचा काढून. मग तू सखुबाईचा झायलास का?"

"बाबा, दूध वेगळं आणि हे वेगळं."

"आसंल. मी काय शिकलेला नाय. पन सखुबाई आयेला विचाराया इस्पितळात गेली नव्हती. पोर रडत होता, तिनं उचलला. तवा मना पन राग आलेला. मना न विचारता माझा पोर न्हेला म्हनून. मी भांडाया गेलो तिच्या दारात. तू तिच्या मांडीवर झोपलेलास. मी तसाच परत आलो."

हे मात्र नामाने कधी ऐकलेलं नव्हतं. विश्रामनेही नाही.

"तुम्ही भांडायला गेलेलात? सखुबाईशी?" नामाने विचारलं.

"मंग. आता तू बायकोशी भांड. न विचारता फोन केलान, ते चुकलाच तिचा. घरी जाऊन चांगला भांड. पन सही करायची का नाय, ते भांडनाच्या रागात ठरवू नको."

विश्राम हसला. बऱ्याच महिन्यांत तो असा हसला नव्हता. नामाने त्याच्याकडे बघितलं आणि त्यालाही तोंड दाबावं लागलं.

*

सरोज गॅलरीत आली तेव्हा अण्णा तुळशीच्या कुंडीतली वाळकी पानं खुडत होते.

"अण्णा, का नको?"

"तुला राग येईल."

"येऊ दे."

"मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून," अण्णा म्हणाले. "आता हिशोब कर. वडील विश्राम. बीज शेवंतीचं. मग त्या बाळात आपलं काय गं? ताम्हाण्यांचं काय? मला बोलायची लाज वाटते, पण मघाशी ती बोलली आणि पहिला विचार हाच आला."

सरोज कठड्याला टेकून उभी राहिली. रागापेक्षा तिला नवल वाटत होतं. या माणसाने तिचं कोळीवाड्यात लग्न लावताना सगळ्या नातेवाइकांशी भांडण केलं होतं.

"कल्याणच्या ताईचं तुम्हाला चालत होतं."

"ती घरातली."

"ती आईच्या बहिणीची मुलगी. तिच्यात तरी ताम्हाण्यांचं काय होतं?"

अण्णांचा हात कुंडीवर थांबला.

"हो की," ते म्हणाले.

"आणि दत्तक घेतलं असतं तर? मघाशी तुम्हीच म्हणालात."

"ते वेगळं. ते ना त्यांचं, ना आपलं. दोघांचं सारखंच. हे त्यांचं सगळंच असेल, आणि आपलं..." ते खजील होऊन हसले. "मत्सर आहे म्हणजे. नुसता मत्सर."

"माझं पोट कुठे गेलं त्यात? नऊ महिने माझं रक्त जाणार आहे त्याला. ते तुम्ही शाळेत शिकवलं नाहीत?"

"अभ्यासक्रमात नव्हतं," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुला हवंय का हे? माझं सोड. तुला?"

तेच तर सरोजला कळत नव्हतं. कुणाचंही बीज चाललं असतं, अगदी तोंड न बघितलेल्या बाईचंही. पण शेवंतीचं घ्यायचं म्हणजे आयुष्यभर एकाच अंगणात शेवंतीसमोर उभं राहायचं.

*

स्वयंपाकघरात शेवंती खाली बसून कढई घासत होती. मंजुळाबाई आणि वासंतीबाई ओट्याशी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. त्या दोघींचं एव्हाना एकमत झालेलं दिसत होतं. सरोज आत आली तशी वासंतीबाई बाहेर जायला निघाल्या, पण मंजुळाबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

"शेवंती, बारशाची भरपाई म्हणून करत असशील तर मला नको," सरोज म्हणाली.

शेवंतीने कढई खाली ठेवली.

"मावशीनं तुमाला बाजूला सारलं. मी बोलाया पाहिजे होतं. नाय बोलली. बाळंतीन होते, घाबरले. मंग रोज वाटायचं, आज जाऊन सांगते, आन् रोज तुमचं तोंड बघून परत यायची."

"म्हणजे भरपाईच."

"नाय हो. चुकीच्या भरपाईला कोनी पोटात सुया टोचून घेईल का? साडी दिली असती."

वासंतीबाईंना हसू आलं. सरोजला आलं नाही, पण तिने ओट्याजवळचं स्टूल ओढलं आणि ती बसली.

"मग का?"

शेवंतीने राखेने भरलेली बोटं न्याहाळली.

"चूल एक होती तवा मजा यायची," ती म्हणाली. "तुमी टेलिफोन एक्स्चेंजमधनं आलात की लोकांच्या गोष्टी सांगायच्यात. मी पोटुशी असताना तुमी मना रात्री आंबे कापून द्यायच्यात. आता भिंतीपलीकडनं तुमचा कुकर ऐकू येतो आन् कळतं, दोनच माणसांचा भात. मना बरा नाय वाटत. आन् बी काय, दर महिन्याला वायाच जातंय. मना दोन बास झाली."

"उद्या आपलं भांडण झालं," सरोज म्हणाली, "आणि होणारच. नळावरून, कशावरूनही. तेव्हा रागात म्हणालीस, पोर माझं आहे. तर मी काय करू?"

"म्हनेन," शेवंती म्हणाली. "रागात मी काय पन म्हनते. नामाला मी तीनदा सोडून गेलेय."

"बघ."

"ती म्हनंल तवा मी हाय," मंजुळाबाई मध्येच म्हणाल्या. "तिच्या थोबाडीत देईन आन् तुना सांगेन, जी नऊ महिने वागवते, वांत्या काढते, कळा सोसते, तीच आय. मी नसले तर विहीनबाय सांगतील. आमचं ठरलंय मघाशी."

"ठरलंय," वासंतीबाई म्हणाल्या. "पण शेवंती, तू नीट विचार कर. औषधं कडक असतात. पहिल्यांदा यश येईलच असं नाही, त्या बाई म्हणाल्या होत्या. शंभरातल्या वीस-पंचवीस जणींनाच."

"मना पन सांगितलंय. नाय झालं तर नाय झालं."

सरोज खाली वाकली, पातेल्यातली घासणी उचलली आणि शेवंतीसमोर बसून दुसरं पातेलं घासायला लागली. घासता घासता तिने विचारलं, "पीसीओवाल्याने ऐकलं का सगळं?"

"ऐकलान. बाहेर आले तर पैसेच घेईना. बोलला, ताई, देव तुमचा भला करो. आन् दुसऱ्या मिनटाला शेजारच्या पानवाल्याला सांगाया गेला."

आता मात्र सरोज हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि राखेचे हात असल्यामुळे डोळे दंडाला पुसावे लागले.

"म्हणजे ठाण्यात सगळ्यांना कळलंच," ती म्हणाली.

"लपवून काय करायचा?" मंजुळाबाई म्हणाल्या. "कोलीवाड्यात गोष्ट लपते का? उद्या बाजारात मीच सांगते. माझ्या तोंडून गेली म्हंजे कोनी मागून कुजबुजनार नाय. ज्यांना बोलायचंय ते माझ्यासमोर बोलतील, कोयता असतोच हातात."

जिन्यावर पावलं वाजली. नामा पुढे होता. तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, बायकोकडे न बघता सरोजला म्हणाला, "वहिनी, मी सही करतो. आणि दादरला न्यायचं-आणायचं मी करतो, टेंपो हाय. पण हिला सांगा, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं."

"पुढची वेळ कसली?" शेवंती म्हणाली. "मी काय दुकान काढलंय?"

मागे जिन्यात दामाजी हसायला लागले आणि त्यांना ठसका लागला. विश्राम पाणी आणायला धावला. गॅलरीतून अण्णा आले, त्यांनी खोली भरून उभ्या असलेल्या सगळ्यांकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"मघाशी मी नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते मी परत घेतो. कारण विचारू नका, सरोजला माहीत आहे."

"आमाला पन माहितीय," मंजुळाबाई म्हणाल्या. "गॅलरीचं दार उघडं होतं."

*

पहिल्या खेपेला जमलं नाही. मे महिन्यात शेवंतीने बारा दिवस इंजेक्शनं घेतली. औषधाच्या कुप्या गार ठेवाव्या लागत आणि त्या दिवसांत वीज सारखी जात होती, म्हणून मंजुळाबाई बाजारातून रोज सकाळी बर्फ आणून मातीच्या मडक्यात त्या कुप्या जपत. दादरच्या दवाखान्यात फॉर्म भरताना तिथल्या मुलीने 'देणारीचं नातं' विचारलं. शेवंती म्हणाली, 'जाऊ.' मुलीने मान वर करून विचारलं, 'सख्खी?' आणि मग आतल्या दुसऱ्या मुलीला बोलावून दाखवलं. सात बीजं निघाली, चार जुळली, तीन पोटात ठेवली. चौदाव्या दिवशी सरोजला पाळी आली. ती दोन दिवस उठली नाही. तिसऱ्या दिवशी शेवंती भिंतीपलीकडून जेवणाचं ताट घेऊन आली, शेजारी बसली आणि म्हणाली, 'पावसाळा संपला की परत जाऊ.' सरोज नको म्हणत होती. सासू, आई, नवरा, सगळे शेवंतीला नको म्हणत होते, पुरे झालं म्हणत होते. या वेळी तिने नामाला आधी विचारलं होतं. नामा म्हणाला, 'ती म्हणते तर जाऊ.'

नोव्हेंबरात पुन्हा गेल्या, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णांकडचा फोन वाजला. वासंतीबाईंनी उचलला, ऐकला, आणि ठेवायचा विसरून तशाच शेजारी सांगायला गेल्या. चेंदणीच्या घरात दोनच दिवसांत एक चूल झाली. विश्रामने मधली फळ्यांची भिंत स्वतः काढली. सरोजला मासळीचा वास सहन होईना, तर दामाजींनी पहिले तीन महिने घरात वरण-भात खाल्ला आणि सगळ्या कोळीवाड्याला आपल्या हालांची कहाणी सांगितली. नळावरून भांडण व्हायचं ते मार्चमध्ये झालं. शेवंती रागात पुष्कळ बोलली, पण ते एक वाक्य बोलली नाही. मंजुळाबाई कान टवकारून उंबऱ्यात बसल्या होत्या, त्या थोड्या निराशच झाल्या.

ऑगस्टमध्ये, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी, ठाण्याच्या इस्पितळात सरोजचं सिझेरियन झालं. बाहेर बाकावर दोन्ही घरं बसली होती. विश्राम भिंतीला टेकून उभा होता. अण्णा वर्तमानपत्र घेऊन आले होते आणि अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं. नर्स दार ढकलून बाहेर आली. तिच्या हातात पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

"मुलगी. दोन किलो आठशे. आईला शुद्धीवर यायला थोडा वेळ लागेल. कोण घेतंय?"

सगळ्यांचे डोळे आपोआप शेवंतीकडे गेले. दामाजींचेही, वासंतीबाईंचेही. विश्राम एक पाऊल पुढे आला होता, तोही थांबला आणि तिच्याकडे बघायला लागला. नर्सने ते बघितलं आणि बाळ तिच्यापुढे धरलं.

शेवंतीने दोन्ही हात मागे घेतले.

"मी नाय. आजोबांना द्या," ती म्हणाली. "ते बसलेत ना, पेपरवाले. त्यांना."

वर्तमानपत्र अण्णांच्या मांडीवरून खाली पडलं. त्यांना उभं राहावं की बसून घ्यावं ते कळेना. अर्धवट उठलेल्या अवस्थेतच त्यांनी हात पुढे केले आणि नर्सने बाळ त्यांच्या हातात ठेवलं. मुलीने डोळे मिटलेलेच ठेवले, तोंड वाकडं केलं, आणि एका हाताची बोटं दुपट्यातून बाहेर काढून त्यांच्या सदऱ्याची कड पकडली. सगळे वाट बघत होते की आता अण्णा काहीतरी बोलतील. त्यांनी विश्रामला खांद्याशी ओढून घेतलं आणि तिघेही तसेच उभे राहिले.

शेवंती नामाजवळ गेली.

"चल, खाली चहा घेऊ," ती म्हणाली. "वयनी जाग्या होईपर्यंत मी वर येत नाय. त्यांच्या आधी मना पोरगी बघायची नाय."

नामाने चाव्या काढल्या आणि दोघे जिना उतरून गेले.